आधी बांधलं, मग जोडलं

मामाने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं माप घेतलं तेव्हा चिमटी हसून हसून खुर्चीवरून घसरायची राहिली होती. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, गुडघे फरशीवर टेकून तो टेबलाशेजारच्या त्या काळ्या पेटीची उंची, रुंदी, खोली मोजत होता आणि प्रत्येक आकडा तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणत होता.

"गिऱ्हाईक हलत नाही, हे फार बरं आहे," तो म्हणाला. "पोट आत ओढून घेत नाही. आठ दिवसांनी येऊन बगलेत घट्ट होतंय म्हणत नाही."

"मामा, पाठ मोकळी ठेव हं," ताई म्हणाली. "मागे सगळ्या वायरी आहेत."

"मला शिकव आता. जन्मभर कोट शिवले. पाठीला चीर कुठे ठेवायची ते माहीत आहे."

समोरच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं. खिडकी कितीही घट्ट लावली तरी संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसायची. ताईचं पोट त्या कॅबिनेटवर होतं. घरं, दुकानं, दवाखाने बांधून होण्याआधी आतून कसे दिसतील याची चित्रं ती करायची. नकाशात नसलेला उजेड, पडदे, सोफ्यावर पडलेली उन्हाची तिरीप ती त्यात भरायची, आणि मग शेवटचं चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर तासन्‌तास राबायचा. ताई त्याला शिजत ठेवणं म्हणायची. "शिजत ठेवलंय, प्लगजवळ कुणी फिरकू नका," असं सांगून ती झोपायला जायची.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. तयार कपड्यांपुढे शिवणकामाचं दुकान टिकेना, तेव्हा त्याने ते बंद केलं आणि शिलाई मशीन घेऊन तो या दोघी भाच्यांकडे राहायला आला. मशीन खिडकीपाशी लागलं. सोसायटीतल्या लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, असलं काम तो करायचा. पण त्याचं मन खरं रमायचं ते घरातल्या वस्तूंना कपडे चढवण्यात. मिक्सर, इस्त्री, पाण्याची बाटली, सगळ्यांना अंगरखे होते. राहिलं होतं ते कॅबिनेट. त्याने जाड निळं कापड आणलं, आतून मऊ अस्तर लावलं, कडांना दुहेरी शिलाई घातली. काम सुरू करण्याआधी ताई कव्हर पुढून उचलून मागे वर दुमडायची, काम संपलं की खाली सोडायची.

धाकटीला चिमटी हे नाव मामानेच दिलं होतं. लहानपणी त्याच्या दुकानात टाचण्यांचा डबा सांडला, तर हिने चिमट्याने एकेक टाचणी उचलून लांबीप्रमाणे ओळीत लावली होती. पुढे ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली आणि मोजमापाची उपकरणं तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. एखादा तराजू खोटं बोलतोय का, हे सांगणं तिचं रोजचं काम होतं. घरात तिचा शब्द शेवटचा मानला जाई. दूध का फाटलं इथपासून भिंतीला ओल कुठून येते इथपर्यंत सगळे वाद तिच्यापाशी येऊन मिटायचे.

कॅबिनेटमधले पंखे बदलायचंही तिनेच काढलं. जुने पंखे इतके घरघरायचे, की फोनवर एका गिऱ्हाइकाने ताईला विचारलं होतं, "तुम्ही गिरणीत बसून काम करता का?" चिमटीने चार नवे पंखे आणले. दोन पुढच्या जाळीमागे, बाहेरची हवा आत ओढायला. एक मागे, गरम हवा बाहेर टाकायला. आणि एक थेट प्रोसेसरच्या डोक्यावर, धातूच्या पातळ पापुद्र्यांच्या ठोकळ्याला लावलेला. कोणत्या बाजूने हवा येते आणि कोणत्या बाजूने जाते, हे तिने पातळ कागदाची पट्टी धरून प्रत्येक पंख्याचं तपासलं.

मग वायरी. प्रोसेसरवरच्या पंख्याची आणि मागच्या पंख्याची जोडायची ठिकाणं आतले सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डच्या वरच्या कडेला अगदी शेजारी शेजारी होती, चार चार पिनांची, जुळ्या भावांसारखी. दिसायला सारखी असली तरी स्वभाव वेगळे. पहिल्या ठिकाणी जोडलेल्या पंख्याला बोर्ड प्रोसेसरच्या तापाप्रमाणे पळवतो. प्रोसेसर तापला की पंखा जोरात. दुसऱ्या ठिकाणचा पंखा बोर्डच्या तापाप्रमाणे चालतो, आणि बोर्ड सहसा फारसा तापत नाही. शिवाय आवाज नको म्हणून चिमटीने त्या दुसऱ्या ठिकाणचा वेग मुद्दाम कमीत कमी ठेवला होता.

वायरी लोंबकळलेल्या तिला बघवत नव्हत्या. तिने दोन्ही पंख्यांच्या वायरी बोर्डमागच्या पत्र्यापलीकडे नेल्या, एकत्र जुडी केली, काळ्या पट्ट्यांनी आवळून बांधली, पट्ट्यांची टोकं कापली. मग वरच्या छिद्रातून दोन्ही प्लग पुढे काढले आणि जोडले. बाहेरून पाहणाऱ्याला पत्र्यातून दोन वायरी उगवल्यासारख्या वाटाव्यात.

मामा चष्मा कपाळावर चढवून आत डोकावला. "याला म्हणतात आतून फिनिश. उलटं करून घातलं तरी लाज नाही."

चिमटीने फोटो काढून प्रयोगशाळेतल्या मैत्रिणींना पाठवला.

पुढे थोड्याच दिवसांनी ताईला एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. आर्किटेक्ट बाईंना चित्रं ठरल्या दिवशी सकाळी हवी होती, कारण त्या ती मालकांपुढे ठेवणार होत्या. ताईने आदल्या दिवशीच सगळं शिजत ठेवलं. सकाळी उठून पाहते तो कॉम्प्युटरचा पडदा काळा. मशीन मध्येच बंद पडलं होतं. पुन्हा चालू केलं, दुपारच्या आत पुन्हा बंद. मागच्या पंख्याचा आवाज मात्र बंद पडेपर्यंत वाढत जायचा. बाईंनी थांबायची तयारी दाखवली, मग दाखवली नाही. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की हे काम आणि यापुढचंही त्या दुसऱ्या कुणाकडून करून घेतील.

ताई भिंतीला टेकून बसली. रडली नाही. नुसती बसली.

चिमटी कामावरून धावत आली. तिने पाहिलं, कव्हर वर दुमडलेलं होतं, पण घाईत नीट दुमडलं गेलं नव्हतं. त्याची कड पुढच्या जाळीवर चार बोटं लोंबत होती. तिने मशीन चालू केलं, काम दिलं, मागे हात धरला. मागचा पंखा जीव तोडून फिरत होता. म्हणजे वायरी बरोबर आहेत, असं तिच्या मनाने धरलं. पंखा फिरतोय आणि तरी ताप उतरत नाही, म्हणजे हवाच आत येत नाहीये. हवा का येत नाही? तिने कव्हरची कड दोन बोटांत धरून उचलली.

"हे," ती म्हणाली.

मामा शिलाई मशीनवरून उठून आला. चिमटीने जुन्या कॅलेंडरच्या पानामागे आकृती काढली. पेटी, चार पंखे, निळे बाण आत येणारे, लाल बाण बाहेर जाणारे, आणि पुढच्या जाळीवर पेन्सिलने गडद केलेला तो चार बोटांचा पट्टा. सगळ्यांना रोज दिसावी म्हणून तिने ती फ्रिजवर चुंबकाने लावली.

मामा आकृतीसमोर जाऊन उभा राहिला. "म्हणजे मी त्याचं नाक दाबलं म्हणायचं."

"हो," चिमटी म्हणाली.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. फोन टेबलावर होता, आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "दादा, तुला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला? पोरीच्या पोटावर पाय आणलास." मामा फोनकडे बघत मान हलवत होता, जणू आईला ते दिसत होतं.

ताईने त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. पण तिने त्याचा बचावही केला नाही.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेटवर कव्हर नव्हतं. हॉटेलचं काम गेल्यावर शिजत ठेवण्यासारखं ताईकडे काही उरलंही नव्हतं. त्यानंतर चिमटीच्या हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. मामा विचारायला लागला होता. "हा दिवा लावू का?" "खिडकी उघडली तर चालेल?" "चहाला गॅस पेटवतोय हं, चालेल ना?" सुरुवातीला दोघी "लाव की" म्हणायच्या. मग त्याने दिवा न लावताच काम करायला सुरुवात केली, उजेड असेल तेवढं. इस्त्रीचा, मिक्सरचा अंगरखाही त्याने उतरवून घडी करून कपाटात ठेवला.

मग एके दिवशी जेवताना म्हणाला, "माझ्या जुन्या कारागिराचं वर्कशॉप आहे ना, त्याच्या मागे एक खोली रिकामी आहे. त्याला काजं करायला माणूस हवाय. शनिवारी सकाळी गाडी पाठवतो म्हणालाय."

"अरे, असं कसं एकदम?" ताई म्हणाली.

"एकदम कुठे. मशीनला जागाही जास्त आहे तिकडे."

चिमटीने विचारलं, "तिकडे स्वयंपाकाचं काय?" आणि उत्तर ऐकून घेतलं. तिला वाटलं, म्हातारा माणूस, मनाला लावून घेतलंय, निवळेल.

शुक्रवारी तिची सुट्टी होती. ताई एका नव्या गिऱ्हाइकाला भेटायला गेली होती. जाताना एक छोटं चित्र नमुन्यासाठी शिजत ठेवून गेली. कॅबिनेटवर कापडाचा धागा नव्हता. पलीकडे मामा शिलाई मशीनचं डोकं स्टँडपासून सोडवत होता. स्क्रू उतरल्याचा, ते वाटीत पडल्याचा आवाज येत होता.

दुपारी चित्र संथ झालं. मग मागचा पंखा वाढत वाढत गेला, आणि खट्‌कन सगळं बंद.

चिमटी पडद्याकडे बघत राहिली. काळ्या काचेत तिचाच चेहरा होता.

तिने कॅबिनेटची बाजू उघडली. आत थोडी धूळ होती, ती पुसायला तिने स्वयंपाकघरातून फडकं आणलं. ठोकळ्याच्या कडेला ते फिरवताना बोटांना काहीतरी जाड लागलं. तिने उलटून पाहिलं. निळं कापड, आतून मऊ, कडेला दुहेरी शिलाई. मामाने कव्हर उसवून त्याची फडकी केली होती. गेले कितीतरी दिवस याच फडक्याने ती ओटा पुसत होती.

तिने ते हळूच टेबलावर ठेवलं आणि मशीन उघडंच चालू केलं. पडद्यावर पंख्यांचे वेग दिसत होते, प्रत्येकाचं नाव आणि पुढे आकडा. 'प्रोसेसरचा पंखा' या नावापुढचा आकडा भरपूर होता. काम दिल्यावर तो आणखी चढला. सगळं जसं हवं तसं. तिने पेन्सिल घेतली, तिच्या मागचा रबर पुढे केला आणि प्रोसेसरवरच्या पंख्याच्या मधोमध अलगद टेकवला. पंखा थांबला.

आकडा हलला नाही.

ती पेन्सिल तशीच धरून बसली. मग काढली. मागच्या पंख्याकडे गेली, त्याच्या मध्यावर रबर टेकवला. 'प्रोसेसरचा पंखा' शून्यावर आला.

तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. प्रयोगशाळेत ती नेहमीच पुन्हा एकदा करायची. उत्तर तेच आलं.

प्लग उलटे लागले होते. प्रोसेसर तापला की बोर्ड बिचारा इमानाने पंख्याला पळवत होता, पण पळत होता तो मागचा. आणि जो डोक्यावर होता तो, तिनेच ठरवून दिलेल्या कमीत कमी वेगाने, गारव्यात फिरायला निघाल्यासारखा फिरत होता. ज्या आवाजावरून तिने वायरी बरोबर ठरवल्या होत्या, तो आवाजच चूक सांगत होता; मागचा पंखा तर तिनेच हळू ठेवला होता. तिने आधी बांधलं होतं आणि मग जोडलं होतं. एकदा जुडी आवळली की कोणती वायर कुठून आली हे डोळ्यांना दिसत नाही. ते दिसू नये म्हणूनच तर तिने इतकं सुरेख बांधलं होतं.

कव्हर काढून मशीन एकदा पुन्हा चालवून पाहायचं, एवढंच करायचं होतं त्या दिवशी. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे सांगावं लागत नाही. पण तिने आकृती काढली होती. रंगीत.

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. नंतर मान. घरात कुणी बघत नव्हतं, तरी तिने मान खाली घातली.

"चिमटे," पलीकडून मामाने हाक मारली, "जरा जाड दोरी असेल का गं घरात? घेऊ का?"

"घे ना, मामा. माळ्यावर आहे. विचारतोस काय?"

"नाही, म्हटलं तुमची कशाला लागत असेल तर."

तिने दोन्ही प्लग उपसले आणि अदलाबदल करून लावले. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. कॅबिनेटची बाजू बंद केली, स्क्रू आवळले, ताईचं चित्र पुन्हा शिजत ठेवलं. पंखे आता कुजबुजल्यासारखे चालत होते. आता मशीन बंद पडणार नाही. कुणाला काही कळणार नाही. फक्त मामाला थांबवायचं, की झालं. ते दुसऱ्या मार्गानेही जमेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. मशीनचं डोकं चादरीत गुंडाळलेलं होतं, बाळासारखं.

"मामा, नको ना जाऊस."

"अगं, जवळच तर आहे."

"इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही." त्याने दोरीला गाठ मारली. "हाताला आता कळेनासं झालंय, चिमटे. पूर्वी कापड हातात घेतलं की कळायचं कुठे ओढलं जाईल, कुठे सुटेल. आता चांगलं म्हणून करायला जातो आणि पोरीचं काम घालवून बसतो. उद्या आणखी काही करीन. त्यापेक्षा काजं बरी. काज चुकलं तर एक शर्ट जातो."

"कव्हरमुळे... तितकाही फरक पडला नसेल."

तो हसला. "तू चित्र काढून दाखवलंस की. माझ्यासारख्या ढ माणसालाही कळलं, इतकं स्वच्छ होतं ते."

तिचं तोंड उघडं होतं. वाक्य जिभेवर होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागेवर. तिने ते गिळलं आणि म्हणाली, "चहा करते."

संध्याकाळी ताई आली ती चपला काढायच्या आधी टेबलापाशी गेली. पडद्यावर चित्र पूर्ण झालेलं होतं. एका पुस्तकांच्या दुकानाची खोली, खिडकीतून आलेला उजेड, रिकाम्या खुर्चीवर पडलेला.

"शिजलं," ती म्हणाली. "अगं, पूर्ण शिजलं. आणि आवाज बघ, मांजर झोपल्यासारखा." किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता. मग मामाकडे वळून ती हलक्या आवाजात, समजूत घालावी तशी म्हणाली, "तेव्हा मी तुला काही बोलले नाही, मामा. पण खरंच, ते कव्हर काढलं आणि बघ, मशीन सुधारलं. चिमटीचं म्हणणं बरोबरच होतं. झालं ते झालं. आता मनात ठेवू नकोस."

मामाने मान डोलावली. "तेच म्हणतो मी. देव पावला."

चिमटीने पाहिलं, की तिने दुपारी गुपचूप केलेली दुरुस्ती आता मामाच्या विरुद्ध साक्ष देत होती. ती गप्प राहिली की झालं. खोटं स्वतःच्या पायावर चालू लागलं होतं.

"मी दुपारी प्लग बदलले," ती म्हणाली.

"कुठले प्लग?"

"पंख्यांचे. मी उलटे लावले होते. पहिल्या दिवसापासून." तिचा आवाज तिलाच कुणा दुसऱ्याचा वाटला. "प्रोसेसरचा पंखा मागच्याच्या जागी, आणि मागचा त्याच्या. म्हणून तापत होतं. आज दुपारी कव्हर नसतानाही बंद पडलं. तेव्हा उघडून पाहिलं. मग बदलले आणि झाकून टाकलं."

ताई खुर्चीवर बसली, पर्स अजून खांद्यालाच.

"आणि संध्याकाळपर्यंत काय करत होतीस?" तिने विचारलं.

"काही नाही. चहा केला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि संन्यासी आपलं सामान बांधतोय, आणि तू त्याला चहा करून देतेयस."

"ताई, राहू दे," मामा म्हणाला. तो कासावीस झाला होता, जणू पकडला गेलेला तोच होता. "पोर आहे. वायरी काय, सगळ्या सारख्याच काळ्या. आणि थोडं कव्हरही असेलच की. कड लोंबत होती ना पुढे. दोन्ही मिळून झालं असेल."

त्याने अर्धी चूक स्वतःकडे ओढून घेतली होती, आणि उरलेली अर्धीच तिच्यापुढे ठेवली होती. घेतली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. चिमटीला वाटलं, आकृती काढली तेव्हासुद्धा आपण इतके खाली नव्हतो.

"तुकडे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"कसले?"

"कव्हरचे. सगळे काढ."

ताईने ओट्यावरून दोन आणले, एक ओलाच होता. एक बाथरूमजवळ होता, एक टेबलावर. मामाने शिवणीच्या रेषेवरच उसवलं होतं, त्यामुळे तुकडे एकमेकांना लागत होते. टाचण्यांचा डबा सामानात गेला होता. चिमटीने गाठ सोडून तो काढला आणि जमिनीवर बसून तुकडे जोडले. वाकडं झालं. मामाला बघवेना, त्याने तिच्या हातून घेतलं आणि भराभर सरळ केलं.

चिमटीने कॅबिनेट उघडून प्लग पुन्हा चुकीचे लावले. कव्हर बाजूला ठेवलं. मशीनला अवघड काम दिलं आणि मामाला खुर्चीवर बसवलं. "हा आकडा बघ. हा ताप."

आकडा चढत गेला. मागचा पंखा गर्जायला लागला. लाल खूण दिसली तेव्हा तिने काम थांबवलं, निवायला वेळ दिला. मग कव्हर घातलं, पुढे चार बोटं लोंबतील असंच. आकडा तसाच चढला, तिथेच जाऊन थांबला. नंतर प्लग बरोबर लावले, कव्हर तसंच ठेवलं, कड तशीच लोंबत. आकडा थोडा वर गेला, घुटमळला आणि खाली येऊन स्थिरावला. पंखे कुजबुजत राहिले.

"कव्हरने एका बोटाचाही फरक पडत नाही," ती म्हणाली. "अर्धं नाही, थोडं नाही. सगळं माझं."

मामा आकड्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. कसलं तरी ओझं उतरल्यावर खांदा अजून तिरकाच राहावा, तसा तो दिसत होता.

चिमटी उठली आणि फ्रिजवरची आकृती ओढून काढायला गेली.

"ते राहू दे," मामा म्हणाला. "हवा कशी येते, कशी जाते, ते बरोबर काढलंयस. उगाच का फाडायचं."

तिने पेन्सिलचा तो गडद पट्टा तेवढा खोडला. पूर्ण गेला नाही.

"आईला फोन तू करायचास," ताई म्हणाली. "आणि आवाज मोठा ठेवून."

चिमटीने केला. आई ऐकत राहिली. मध्ये एकदा "काय सांगतेस" म्हणाली. शेवटी एवढंच, "दादाला दे." मामाने फोन कानाला लावला, उठून खिडकीकडे गेला. तो एवढंच बोलला, "असू दे गं. असू दे." दोनदा.

आर्किटेक्ट बाईंना काय सांगायचं, हे ताईने विचारलं नाही आणि चिमटीलाही सुचलं नाही. ते काम गेलं ते गेलंच.

सकाळी गाडी आली. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत होता. मामा जिना उतरून गेला, दोघी वरून बघत होत्या. तो ड्रायव्हरशी काहीतरी बोलला, त्याने खिशात हात घातला; ड्रायव्हरने हात झटकले, तोंड वाकडं केलं आणि गाडी रिकामी वळवली.

"आज नको म्हटलं," वर आल्यावर मामा म्हणाला. "काजांना काही घाई नाही."

"आज नको, की नकोच?" ताईने विचारलं.

"बघू."

मशीनचं डोकं चादरीतून निघालं. चिमटीने वाटीतले स्क्रू एकेक करून त्याच्या हातात दिले. कुठला कशाचा ते त्याला सांगावं लागलं नाही, पण प्रत्येक वेळी तिने विचारलं, "हाच ना?" आणि तो "हाच" म्हणाल्यावरच दिला. दुपारपर्यंत मशीन खिडकीपाशी परत उभं राहिलं. टाचलेलं कव्हर टेबलावर होतं. त्याने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, पण सुई काढली नाही. चिमटीनेही शिव म्हटलं नाही. ते मागायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं.

संध्याकाळ झाली. बांधकामावरची माणसं गेली, धूळ खाली बसली. चिमटी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. घरात अंधार उतरत होता. पलीकडच्या खोलीत मामा मशीनपाशी बसलेला होता. दोरा ओवायला सुई खिडकीकडे धरून, डोळे बारीक करून. दोनदा दोरा चुकला. दिव्याचं बटण त्याच्या हाताच्या अंतरावर होतं.

त्याने बटणाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"चिमटे," तो म्हणाला, "दिवा लावू का?"